दीड हजारात महिना: सांगलीत एका माणसाचं जेवण कसं बसवायचं

महिन्याच्या बाजाराला पैसे अपुरे पडले की बहुतेक घरांत पहिली कात्री डाळीला लागते, दुसरी शेंगदाण्याला. चहा, बिस्किटं आणि स्टँडवरचा वडा मात्र चालूच राहतो. भाकरी-भाताने पोट भरतं, पण दोन तासांत पुन्हा भूक लागते आणि ती बाहेर दहा-वीस रुपये मोडून भागवली जाते. म्हणून खालचं सगळं गणित एका गोष्टीवर उभं आहे. धान्य साधं, हलकं चालेल. डाळ-कडधान्य आणि दाणे मात्र ठरल्या मापाने रोज ताटात आलेच पाहिजेत. वाचवायचं ते गॅसवर, नासाडीवर आणि बाहेरच्या खाण्यावर.

आधी माप, मग दर

एका मोठ्या माणसाला दिवसाला धान्य ४०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८० ग्रॅम, शेंगदाणे मूठभर (३०-३५ ग्रॅम), तेल २०-२५ ग्रॅम आणि कांदा-बटाटा धरून भाजी ३०० ग्रॅम, एवढं हवं. थोडी साखर धरली तर यातून साधारण २,२०० कॅलरी मिळतात आणि प्रथिनं ६० ग्रॅमच्या पुढे जातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं प्रमाण वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम प्रथिनं. हमाली, ऊसतोड, स्लॅबचं काम करणाऱ्याने धान्य ५५० ते ६०० ग्रॅमपर्यंत वाढवावं आणि तेल थोडं सढळ घ्यावं.

महिन्याचा किराणा असा येतो: शाळू (रब्बी ज्वारी) ६ किलो, गहू ३, तांदूळ ३. हरभरा डाळ ६०० ग्रॅम. मटकी, हुलगा (कुळीथ) आणि तूरडाळ प्रत्येकी अर्धा किलो. सोयावडी ३०० ग्रॅम. शेंगदाणे १ किलो, तेल पाऊण लिटर, भाजी ९ किलो.

आता पैसे. दर रोज हलतात आणि दुकानागणिक बदलतात, त्यामुळे इथले दर उदाहरणापुरते धरा आणि त्या जागी आपल्या दुकानाचे घाला. शाळू ५० रुपये, गहू ३६, तांदूळ ४० धरले तर धान्याचे ५२८. हरभरा डाळ ९०, मटकी ११०, हुलगा ८०, तूरडाळ १४० आणि सोयावडी १२० धरली तर त्याचे २५५. शेंगदाणे १४०. तेल लिटरला १५० म्हणजे ११३. ज्वारी-गव्हाचं दळण किलोला ६ प्रमाणे ५४. भाजी सरासरी ३० रुपये किलोने २७०. चहा, साखर, मीठ आणि चटणीला (म्हणजे कांदा-लसणाचं तिखट) १५०. बेरीज १,५१०, गॅस वेगळा.

या यादीत दूध जवळजवळ नाही आणि ते मुद्दाम. पन्नास रुपये लिटरचं पाव लिटर दूध रोज घेतलं तर महिन्याला पावणेचारशे रुपये होतात, जवळपास शाळू आणि दळण मिळून जेवढे होतात तेवढे. घरात लहान मूल असेल तर दूध त्याच्यासाठी ठेवावं, मोठ्यांनी चहापुरतं घ्यावं. शेजारी गोठा असेल तर ताक मिळतं का बघा; भाकरीबरोबर एक वाटी ताक असलं की कोरड्यास (कालवण) नसलं तरी चालून जातं.

रुपयाला किती प्रथिनं

महाग-स्वस्त हे किलोच्या दरावरून ठरवलं की फसायला होतं. किलोतली प्रथिनं (ग्रॅम) भागिले किलोचा दर, एवढं करून बघा. वरचेच दर धरून: सोयावडीत किलोला सुमारे ५०० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे रुपयाला ४ ग्रॅम. हुलगा पावणेतीन. हरभरा डाळ सव्वादोन-अडीच. शाळू स्वतःच २, हे पुष्कळांना पटत नाही. शेंगदाणे पावणेदोनच्या पुढे, शिवाय तेवढंच नव्हे तर जास्त तेल त्यांच्या पोटात. तूरडाळ दीड. अंडं ७ रुपयांना धरलं तर १ ग्रॅमसुद्धा नाही.

यावरून अंडं वाईट ठरत नाही. पोरांना आणि आजारी माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा द्यावंच. पण रोजचं वरण तुरीचंच हवं हा हट्ट सोडला की हिशेब सुटतो. तुरीत हुलगा किंवा मसूर मिसळून आमटी करा, किंवा आठवड्यातले चार दिवस तूर बाजूलाच ठेवा.

भाकरी आणि डाळ एकत्र खाण्यालाही कारण आहे. ज्वारी, गहू, तांदूळ यांत लायसीन हा प्रथिनातला एक गरजेचा घटक कमी असतो, तो डाळींत भरपूर असतो. डाळींत जे कमी पडतं ते धान्यातून मिळतं. कोरडी भाकरी-चटणी खाऊन काम करणारा आणि भाकरी-पिठलं खाऊन काम करणारा यांच्यात दुपारनंतर फरक दिसतो, तो इथून.

रेशन आधी वसूल करा

प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य महिन्याला मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. वरच्या यादीतून माणशी ५ किलो गहू-तांदूळ वजा झाला की पावणेदोनशे-दोनशे रुपये मोकळे होतात. ते डाळीकडे वळवा.

जत-आटपाडीकडून सांगली-मिरजेत कामाला आलेल्यांना वाटतं की धान्य गावाकडच्याच दुकानात मिळणार. तसं नाही. अंगठ्याचं मशीन असलेल्या कुठल्याही रेशन दुकानात आपल्या वाट्याचं धान्य घेता येतं. घरातली काही माणसं गावी असतील तर उरलेलं ते तिकडे घेऊ शकतात. आधार जोडणी आणि ई-केवायसी प्रत्येक नावाची झालेली असावी, नाहीतर त्या नावाचं धान्य अडकतं.

रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळ्या रंगाचे, धुताना वर तरंगणारे दिसतात. 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून ते निवडून टाकले जातात. ते लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून बनवलेले तांदळाचेच दाणे असतात, साधारण शंभरात एक या प्रमाणात. टाकू नका. तांदूळ पाच-सहा पाण्यांनी खळखळून धुऊ नये, भाताचं पाणीही ओतून देऊ नये.

अंगणवाडीचा आहार आणि आठवीपर्यंतचं शाळेतलं जेवण हे हक्काचं आहे, ते सोडू नये. २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेली दहा रुपयांची शिवभोजन थाळी जवळच्या केंद्रावर चालू असेल तर बाजारच्या दिवशी दुपारचं जेवण तिथे उरकावं. दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. दहा रुपयांत घरी एवढं होत नाही.

शाळू घेणं, दळणं, थापणं

मालदांडी शाळू पांढरा, गोड आणि महाग. हायब्रीड ज्वारी स्वस्त, भाकरी जरा काळपट आणि रवाळ. पैसे कमी असतील तर निम्मी-निम्मी दळून आणा. चवीत फार फरक पडत नाही, भाकरीही नीट थापली जाते. नवा शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतो तेव्हा दर उतरलेला असतो. एकट्याला कट्टा परवडत नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून ५० किलोचा कट्टा मार्केट यार्डातून घ्यावा. घेताना मूठभर धान्य दातांखाली चावून बघा: कट्‌ असा आवाज आला तर वाळलेलं, दबलं तर ओल आहे आणि महिन्याभरात सोंडे (किडे) होणार.

धान्याला दोन कडक उन्हं दाखवा, निवडा, पूर्ण गार होऊ द्या, मग डब्यात भरा. गरम भरलं की झाकणाला आतून घाम धरतो आणि वरचा थर बुरसतो. कडुलिंबाचा वाळलेला पाला थराथरात टाकावा. ओला पाला टाकू नका. किडीपेक्षा तो जास्त नुकसान करतो.

दळण आठ-दहा दिवसांपुरतंच आणा. जुन्या पिठाची विरी जाते. पीठ मळलं तरी धरत नाही, थापताना कडा चिरतात, भाकरी तव्यावर टाकेपर्यंत तुटते. असं पीठ फेकायचं नसतं. एका भाकरीच्या पिठाला अर्धी वाटी उकळतं पाणी मध्यभागी ओता, उलथन्याने हलवा, दोन मिनिटं झाकून ठेवा आणि मग साध्या पाण्याचा हात लावत मळा. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकरी जुळते. बाजरीचं पीठ मात्र आठ दिवसांच्या पुढे कडू होतं, त्याला हा उपाय नाही.

गिरणीत टाकण्याआधी आणि आणल्यावर वजन करा. किलोमागे थोडी तूट पडतेच, पण पाच किलोत पाव किलो जात असेल तर गिरण बदला. एका भाकरीला सुमारे ८० ग्रॅम पीठ लागतं. म्हणजे सहा किलोच्या पंचाहत्तर भाकरी, रोज अडीच. हा आकडा माहीत असला की डब्यातलं पीठ किती दिवस जाईल ते आधीच कळतं.

कडधान्य शिजत नाही ते का

सगळ्यात जास्त गॅस इथे जळतो. हुलगा, हरभरा, वाटाणा दहा-बारा तास भिजलाच पाहिजे, मटकी-चवळी सात-आठ तास. न भिजवता कुकर लावला तर दुप्पट-तिप्पट वेळ लागतो आणि शेवटी साल सुटून आत कच्चं राहतं.

भिजवूनही दाणा टणक राहिला तर दोन कारणं असतात. एक म्हणजे बोअरचं जड पाणी. त्यातल्या कॅल्शियमने साल आणखी घट्ट होतं. शिजवायला नळाचं पाणी वापरा. ते नसेल तर बोअरचं पाणी आधी उकळून गार करून, तळाचा पांढरा साका सोडून घ्या. दुसरं म्हणजे चिंच, टोमॅटो किंवा आमसूल आधीच घालणं. आंबटात कडधान्य शिजत नाही. ते शिजल्यावरच घाला. चिमूटभर सोडा टाकला तर दाणा लवकर मऊ होतो, पण ब जीवनसत्त्व जातं, म्हणून तो उपाय शेवटचा.

एका कुकरमध्ये तीन गोष्टी लावायची सवय करा. तळाला दीडपट पाण्यात भिजवलेला हुलगा, वरच्या डब्यात भात, फटीत दोन बटाटे, असं मात्र जमत नाही. हुलग्याला पाच-सहा शिट्ट्या लागतात, तोवर भाताची खळ होते. हुलग्याबरोबर बटाटे किंवा डांगर (लाल भोपळा) लावा. तूरडाळ, मसूर आणि भात यांची जोडी लावा, तीन शिट्ट्यांत सगळं होतं. शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. ती पंधरा-वीस मिनिटं फुकटचं शिजणं असतं. शिट्टी उचलून वाफ काढणं म्हणजे गॅस हवेत सोडणं.

मटकीला मोड आणायचे तर भिजवून पाणी पूर्ण निथळून फडक्यात बांधा. उन्हाळ्यात बारा तास, थंडीत दिवसभर लागतो. चिकट होऊन वास येतो तो पाणी राहिल्यामुळे किंवा गाठोडं डब्यात कोंडल्यामुळे. एक वाटी कोरड्या मटकीची मोडाची तीन वाट्या होते, म्हणून थोडक्या पैशात ताट भरल्यासारखं दिसतं.

सोयावडीला लोक नाकं मुरडतात ती वासामुळे. उकळत्या मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पिळा, गार पाण्यात पुन्हा बुडवून पिळा. दोनदा पिळल्यावर वास जातो. मग कांदा-लसूण चटणीत परता. माणशी २५-३० ग्रॅम कोरडी वडी एका वेळेला पुरे.

दोन कालवणं जी हमखास वाचवतात

शेंगोळे हे एका पातेल्यातलं पूर्ण जेवण आहे, भाकरी केली नाही तरी चालतं. दोन माणसांना: हुलग्याचं पीठ दोन वाट्या, ज्वारीचं पाव वाटी, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या जिऱ्याबरोबर ठेचून, चटणी दोन चमचे, मीठ. घट्ट मळा, हातावर वळून बोटाएवढ्या जाडीची वेटोळी करा. पातेल्यात दोन चमचे तेलाची लसणाची फोडणी, सहा वाट्या पाणी, चटणी, मीठ. पाणी खळखळ उकळू लागल्यावरच एकेक शेंगोळा सोडा. कोमट पाण्यात सोडले की विरघळून सगळं पिठलं होतं, नेहमीची फसगत ती हीच. लगेच ढवळू नका. पंधरा मिनिटांनी एक मोडून बघा, मध्ये कोरडं पीठ दिसलं तर आणखी पाच मिनिटं. रस पातळ वाटला तर चमचाभर पीठ पाण्यात कालवून लावा.

गरगटं हे दुसरं. पालेभाजीची एक पेंडी, पाव वाटी तूर किंवा हरभरा डाळ, मूठभर शेंगदाणे, दोन मिरच्या एकत्र शिजवून रवीने घोटा; दोन चमचे बेसन किंवा ज्वारीचं पीठ लावून पाच मिनिटं उकळा, वरून लसणाची फोडणी. पीठ लावल्यावर उकळी नीट आली नाही तर कच्चट वास राहतो. कुठलीही भाजी चालते: चाकवत, तांदुळजा, मुळ्याचा पाला, फ्लॉवरची कोवळी पानं.

पिठल्याबद्दल एकच: बेसन तयार न घेता हरभरा डाळ दळून आणा. स्वस्त पडतं आणि त्यात काय मिसळलंय याची शंका राहत नाही.

भाजी कधी आणि कुठली

शिवाजी मंडईत किंवा मिरजेत लक्ष्मी मार्केटला सकाळी माल निवडक आणि दर चढा असतो. बाजार उठायच्या वेळी वाटे लागतात. टोमॅटो, वांगी, कोथिंबीर तेव्हा घ्यावी. पण वाटा घेताना खालचा थर बघा. अर्धा वाटा सडका निघाला तर स्वस्ताई तिथेच संपली. टोमॅटो असे आणले तर त्याच रात्री शिजवून, मीठ घालून आटवून ठेवा. गार जागेत तीन दिवस, फ्रीज असेल तर आठवडाभर.

कांदा गोल्टी घ्या. आकाराने लहान, सोलायला कटकट, चवीत काही फरक नाही आणि दर बराच खाली. कृष्णाकाठची वांगी थंडीत स्वस्त होतात, तेव्हा आठवड्यातून तीनदा वांगं खाण्यात कमीपणा नाही. अख्खं डांगर महिनाभर टिकतं. कापलं की तीन-चार दिवसांत संपवा. चिंच नवी निघते तेव्हा वर्षाची घेऊन, चिंचोके काढून, मीठ लावून बरणीत दाबावी.

शेवग्याचा पाला, घोळ, पाथरी, कुर्डू हे फुकट मिळतं. मात्र द्राक्षबागेतली किंवा उसाच्या सरीतली भाजी खुडू नका. तिथे फवारणी आणि तणनाशक सतत चालू असतं, आणि पान हिरवंगार दिसलं म्हणजे ते निर्धोक असं नाही. ज्याच्या बांधावरून खुडता त्याला शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा. पालेभाजीवर लिंबू पिळा किंवा चिंच घाला, लोह अंगाला लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला की ते लागत नाही, तासभर थांबा.

शेंगदाणे घेताना काळपट, सुरकुतलेले, बुरशीचे दाणे बाजूला काढा. कडू लागलेला दाणा थुंकून टाका, कुटात जाऊ देऊ नका. त्या बुरशीचं विष भाजूनही जात नाही.

बाहेरचं खाणं मोडायला भडंग

दोन चहा आणि एक वडापाव रोज म्हटलं तरी महिन्याला हजाराच्या घरात जातं, म्हणजे वरच्या सगळ्या किराण्याच्या दोन तृतीयांश. नुसतं 'खाऊ नका' म्हणून ते सुटत नाही, खिशात काहीतरी लागतं. पाव किलो चुरमुरे, १०० ग्रॅम शेंगदाणे, १०० ग्रॅम डाळं, तीन चमचे तेल, आठ लसूण पाकळ्या, चटणी, मीठ, चिमूटभर हळद. चुरमुरे आधी कोरडेच मंद आचेवर चार-पाच मिनिटं हलवा, विशेषतः पावसाळ्यात. नाहीतर भडंग चामट होतं. तेलात दाणे, मग लसूण तांबूस करा, गॅस बंद करून चटणी घाला. चालू गॅसवर घातली की ती जळते आणि सगळं कडवट लागतं. दाणे-डाळं कमी करू नका, नुसते चुरमुरे म्हणजे हवा.

पुराचे आठ दिवस

जुलै-ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की भाजीचे दर उसळतात, आणि ४५ फुटांची धोका पातळी ओलांडली की दुकानंच उघडत नाहीत. २००५, २०१९ आणि २०२१ साली हे झालेलं आहे. तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा जूनमध्येच माणशी दोन किलो धान्य (दळलेलं पीठ नव्हे), एक किलो तांदूळ, अर्धा किलो सांडगे, बेसन, शेंगदाणे आणि गोल्टी कांदे वेगळे काढून माळ्यावर ठेवा. गिरण बंद असली तर ज्वारी खलबत्त्यात भरडून कण्या शिजवता येतात: एक वाटी कण्यांना चार वाट्या पाणी, मीठ, पंचवीस मिनिटं मंद आचेवर, मध्ये मध्ये ढवळत. सिलेंडर अर्ध्यावर आला असेल तर पावसाळ्याआधीच नंबर लावावा. सप्टेंबर लागला की हा साठा आधी खाऊन संपवा, जुना ठेवून नवा वापरू नका.